‘मी’चे मरण आणि नवे जीवन

ख्रिस्ती धर्मविचारात ‘स्वतःला मरणे’ म्हणजे ‘मी आणि माझे’ एवढ्याभोवती फिरणाऱ्या आयुष्याचा शेवट होणे आणि ख्रिस्ताच्या मरणात व पुनरुत्थानात वाटेकरी होऊन नव्याने जगू लागणे. या संकल्पनेची दोन अंगे एकमेकांवाचून उभी राहत नाहीत. नुसते मरण सांगितले तर ती आत्मपीडा ठरते. नुसते नवे जीवन सांगितले तर ती जुन्याच आयुष्याची डागडुजी ठरते.

‘पापाला मरणे’, ‘स्वतःला मरणे’ ही शब्दरचना मराठी वाचकाला प्रथम चमत्कारिक वाटते. ती नव्या कराराच्या ग्रीक भाषेतून आली आहे. तिचा अर्थ मात्र रोजच्या मराठी बोलण्यातून उलगडतो. एखाद्याशी कायमचे फाटले की ‘आजपासून तू मला मेलास’ असे म्हणतात. ज्याला म्हटले तो जिवंतच असतो, मेलेले असते ते नाते. पापाला मेलेला माणूस म्हणजे ज्याचे पापाशी असलेले नाते तुटले, ज्याच्यावर पापाचा हक्क उरला नाही असा माणूस. मेलेल्या गुलामाला मालक कामाला जुंपू शकत नाही, तसेच हे. म्हणून या संकल्पनेत पहिला प्रश्न ‘काय नष्ट होते’ हा नसून ‘सत्ता कोणाची’ हा आहे.

शुभवर्तमानांतील आधार

मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात हा विचार एका वादातून पुढे येतो. कैसरिया फिलिप्पीच्या परिसरात पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो. त्यानंतर लगेच येशू आपल्याला सोसावे लागणार, मारले जाणार असे सांगू लागतो. पेत्राला ते रुचत नाही. तो त्याला बाजूला घेऊन दटावतो. तेव्हा येशू शिष्यांबरोबर जमावालाही जवळ बोलावतो आणि आपल्यामागे येण्याची अट सांगतो: आत्मत्याग, वधस्तंभ उचलणे आणि अनुसरण. जीव राखू पाहणाऱ्याच्या हातून तो निसटतो आणि येशूसाठी व शुभवर्तमानासाठी गमावणाऱ्याला तो लाभतो, हा उलटा वाटणारा नियमही तो तिथेच सांगतो.

मराठी बायबलात जिथे ‘आत्मत्याग’ हा शब्द येतो, तिथल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘नाकारणे, ओळख न देणे’ असा आहे. याच शुभवर्तमानात पुढे, येशूला पकडल्याच्या रात्री, पेत्र त्याची ओळख नाकारतो, त्यासाठीही हेच क्रियापद वापरले आहे. नकार द्यायचा होता तो स्वतःला. पेत्राने स्वतःला वाचवले आणि गुरूला नाकारले. आत्मत्यागाचा अर्थ कळण्यासाठी हा उलटा दाखला पुरेसा आहे.

वधस्तंभाची प्रतिमाही पहिल्या शतकाच्या संदर्भात पाहावी लागते. रोमी साम्राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होई. दोषी ठरलेल्याला आडवी तुळई खांद्यावर देऊन लोकांसमोरून वधस्थळापर्यंत चालवत नेत. त्यामुळे वधस्तंभ उचललेला माणूस म्हणजे ज्याचे परतीचे दोर कापले गेले आहेत असा माणूस, हे ऐकणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. आजारपण किंवा घरातली कटकट यांनाच ‘आपला क्रूस’ म्हणण्याची पुढे रूढ झालेली सवय या अर्थाला फार सौम्य करते. लूकच्या शुभवर्तमानात याच आवाहनात ‘दररोज’ हा शब्द वाढला आहे. वधस्तंभावरचे मरण माणसाला एकदाच येते. ते रोज कसे यावे? पुढच्या जवळजवळ दोन हजार वर्षांची चर्चा या एका शब्दाभोवती फिरत राहिली.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच विचार शेतातल्या उदाहरणाने येतो. सणासाठी आलेले काही ग्रीक लोक येशूला भेटू पाहतात, तेव्हा तो गव्हाच्या दाण्याची गोष्ट सांगतो. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. कणगीत सुरक्षित राहिलेला दाणा आणि पेरलेला दाणा यांतला फरक शेतकरी समाजाला सहज कळणारा होता. या प्रतिमेत मरणाचा हेतू उघड आहे: दाणा मरतो तो कणसासाठी. याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाच्या परूशी पंथातल्या यहूदी पुढाऱ्याशी बोलताना येशू नव्या जन्माची गरज सांगतो. तिथला ग्रीक शब्द ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ देतो. निकदेम पहिला अर्थ घेतो आणि म्हातारा माणूस आईच्या पोटात कसा शिरणार, या प्रश्नात अडकतो. दुसरा अर्थ असा की हा जन्म माणसाच्या खटपटीने होत नाही, तो देवाकडून येतो.

पौलाची मांडणी

या विखुरलेल्या प्रतिमांना सिद्धान्ताचे रूप प्रेषित पौलाने दिले. इ.स. 57 च्या सुमारास लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याच्यापुढे एक आक्षेप आहे: पाप वाढले तिथे कृपा अधिक वाढते, तर मग पाप करतच का राहू नये? पौल याला नीतीचा उपदेश करून उत्तर देत नाही. तो वाचकांना त्यांच्या बाप्तिस्म्याची आठवण देतो. ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतलेले लोक त्याच्या मरणात सहभागी झाले, त्याच्याबरोबर पुरले गेले. म्हणून तो जसा उठवला गेला तसे त्यांनीही नव्या जीवनात चालावे. या उताऱ्यात पौल ‘सह’ या अर्थाचा ग्रीक उपसर्ग लावून क्रियापदे वापरतो: बरोबर पुरले जाणे, बरोबर वधस्तंभावर खिळले जाणे, बरोबर जगणे. ख्रिस्ती विचारातले ‘स्वतःला मरणे’ इतर साधनांपासून वेगळे होते ते इथे. माणूस इथे एकट्याने मरत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या आधीच घडून गेलेल्या मरणात सामील होतो.

याच पत्राच्या पुढच्या अध्यायात पौल आतल्या ओढाताणीचे चित्र काढतो: चांगले करायची इच्छा आहे, घडते ते वाईट. गलतीकरांस पत्रात तो स्वतःविषयी अधिक थेट लिहितो. तो ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला आहे आणि आता त्याच्या ठायी ख्रिस्त जगतो. मात्र त्याच वाक्यात तो देहात जगत असलेल्या आयुष्याचाही उल्लेख करतो. ‘मी’ गेला म्हणताना लिहिणारा ‘मी’ शिल्लक आहेच, आणि तो आता विश्वासाने जगतो आहे.

कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय या विचाराचा कणा दाखवतो. तिथे आधी सांगितले जाते की वाचक मेलेले आहेत. आणि दोनच वचनांनंतर आज्ञा येते की आपल्यातल्या अमुक अमुक गोष्टी जिवे मारा. मेलेल्याला पुन्हा मारायला सांगणे वरवर विसंगत दिसते. पण पौलाच्या मांडणीचा हाच क्रम आहे: आधी झालेल्या गोष्टीची घोषणा, मग त्या गोष्टीला साजेसे वागण्याची आज्ञा. लग्न झालेल्या माणसाला ‘आता संसारी माणसासारखा वाग’ म्हणतात, तेव्हा त्या वागण्याने लग्न होत नसते. लग्न झाले आहे म्हणून ते वागणे अपेक्षित असते. क्रम उलटला की कृपेचा धर्म केवळ पुण्यसंचयाचा होतो, आणि आज्ञा गळून पडली की तो नुसत्या समजुतीचा होतो. याच अध्यायात आणि इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात जुना मनुष्य काढून टाकून नवा मनुष्य धारण करण्याची, वस्त्र बदलण्याची प्रतिमा आहे.

कोणता ‘मी’ मरतो?

या शिकवणीचा सर्वांत मोठा गैरसमज ‘देह’ या शब्दामुळे होतो. पौल ज्याला ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणतो त्यासाठी मराठी भाषांतरांत ‘देह’ किंवा ‘देहस्वभाव’ असे शब्द येतात. त्यामुळे शरीर वाईट आणि आत्मा चांगला असा समज होऊ शकतो. पण गलतीकरांस पत्रात देहाच्या कर्मांची यादी आहे तीत व्यभिचार आणि मद्यपान यांच्या बरोबरीने वैर, मत्सर, भांडणे, तट पडणे हेही आहे. यांतली बरीचशी पापे शरीराची नाहीत, मनाची आणि समाजातली आहेत. शरीरासाठी पौलाकडे ‘सोमा’ हा वेगळा शब्द आहे आणि त्या शरीराला तो पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. म्हणजे सार्क्स हे शरीर नसून देवाला वगळून स्वतःच्या बळावर उभे राहू पाहणाऱ्या माणसाची वृत्ती आहे. धार्मिकताही अशा वृत्तीने भरलेली असू शकते. फिलिप्पैकरांस पत्रात पौल स्वतःचे कुळ, शिक्षण आणि नियमशास्त्रातली निर्दोषता यांची यादी देतो आणि ती सगळी तोट्याच्या खात्यात टाकतो.

यावरून मरणाऱ्या ‘मी’ची ओळख पटते. देवाने निर्माण केलेली व्यक्ती, तिचे नाव, बुद्धी, स्वभाव, प्रेम करण्याची क्षमता यांचा नाश अभिप्रेत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायानुसार ही निर्मिती चांगली आहे. मरायचा आहे तो या व्यक्तीवर मालकी सांगणारा खोटा धनी. स्वतःच्या योग्यतेचा हिशेब मांडत राहणे, प्रत्येक नात्यात आपला वाटा आधी मोजणे, अपमान जपून ठेवणे, देवालाही आपल्या कामाला लावणे ही त्याची लक्षणे. तो गेल्यावर माणूस कमी होत नाही, मोकळा होतो, असा ख्रिस्ती विचाराचा दावा आहे.

बाप्तिस्मा: पाण्यातली कबर

सुरुवातीच्या मंडळीत हा विचार पुस्तकातून शिकण्याआधी अंगाने अनुभवला जाई. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये नवदीक्षितांसाठी दिलेली आणि सिरिलच्या नावाने ओळखली जाणारी प्रवचने या संस्काराचे तपशील देतात. पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री दीक्षार्थी आधी पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेकडे, तोंड करून सैतानाचा त्याग जाहीर करत आणि मग पूर्वेकडे वळत. अंगावरची वस्त्रे उतरवून, तेलाचा अभिषेक घेऊन ते कुंडात उतरत आणि तीनदा पाण्याखाली जात. ख्रिस्ताचे कबरीतले तीन दिवस या तीन बुड्यांशी जोडलेले होते. ते पाणी एकाच वेळी कबर आणि आई आहे, अशी कल्पना या प्रवचनांत मांडली आहे. वर आल्यावर पांढरी वस्त्रे दिली जात.

वास्तुरचनाही हेच बोलत असे. चौथ्या शतकापासून अनेक ठिकाणी बाप्तिस्म्याच्या इमारती किंवा कुंडे अष्टकोनी बांधली गेली. आठवड्याचे सात दिवस जुन्या सृष्टीचे. येशू उठला तो दिवस सातव्यानंतरचा, म्हणून आठवा दिवस नव्या सृष्टीचा, असे त्यामागचे गणित होते.

पुढे बालबाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाला आणि पाण्यात बुडवण्याऐवजी डोक्यावर पाणी ओतण्याची पद्धत पश्चिमेकडे प्रचलित झाली, तेव्हा या प्रतिमेची धार बोथट झाली. ज्याला मरणाची आठवणच नाही त्याने त्या मरणाला साजेसे जगावे तरी कसे, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला. रोमन कॅथलिक उपासनेत पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्म्याच्या प्रतिज्ञा दरवर्षी नव्याने उच्चारल्या जातात. राखेच्या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ ही त्याची तयारी असते. बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या मंडळ्या समजत्या वयातला, पूर्ण बुडवून दिलेला बाप्तिस्माच मान्य करतात. प्रतिमा पुन्हा जशीच्या तशी दिसावी, हा त्यामागचा एक हेतू आहे.

हुतात्मे आणि वाळवंटातले साधक

पहिल्या तीन शतकांत छळाच्या काळात स्वतःला मरण्याचा अर्थ कित्येकांसाठी शब्दशः होता. अंत्युखियाचा धर्माध्यक्ष इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी रोमला नेला जात असताना त्याने तिथल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहून आपली सुटका करवू नये अशी विनंती केली. त्या पत्रात त्याने स्वतःला देवाचा गहू म्हटले आहे; योहानातल्या दाण्याची प्रतिमा इथे श्वापदांच्या दातांखालच्या पिठापर्यंत पोहोचते.

चौथ्या शतकात छळ थांबला, ख्रिस्ती असणे सोयीचे झाले, आणि त्याच काळात इजिप्तच्या वाळवंटात साधकांची गर्दी होऊ लागली. रक्त न सांडता रोजचे हौतात्म्य पत्करण्याची ही वाट होती. अथनेशियसने लिहिलेल्या चरित्रानुसार यांतला एक साधक, अँटनी, आपल्या सोबत्यांना रोज मरणारा माणूस जसा जगेल तसे जगण्यास सांगे: सकाळी उठताना संध्याकाळ दिसेल असे धरू नये, रात्री निजताना पहाट उजाडेल असे धरू नये. असा माणूस कोणाचा राग मनात ठेवत नाही आणि साठवण करत नाही.

या साधकांच्या वचनसंग्रहांत मकारियसची एक गोष्ट आहे. एका तरुणाने त्याला तारणाचा मार्ग विचारला. मकारियसने त्याला स्मशानात जाऊन मेलेल्यांना शिव्या द्यायला सांगितले. तरुण शिव्या देऊन, दगड मारून आला. दुसऱ्या दिवशी त्याच मेलेल्यांची स्तुती करायला सांगितले. तरुण त्यांना प्रेषित आणि संत म्हणून आला. दोन्ही वेळा उत्तर आले नाही. मकारियसने सांगितले की लोकांच्या निंदेने आणि स्तुतीने असेच अविचल राहता आले तर तू तरशील. स्तुतीचा दिवस गोष्टीत मुद्दाम आहे. अपमान गिळणारे पुष्कळ असतात. कौतुकाला न भुलणारा विरळा.

ऑगस्टीन आणि दुभंगलेली इच्छा

वाळवंटातल्या साधनेत मनुष्याच्या प्रयत्नाला मोठे स्थान होते. ऑगस्टीनने प्रश्न त्याच्याही मागे नेला: मरायची इच्छाच अपुरी असेल तर? इ.स. 386 मध्ये मिलानच्या एका बागेत त्याची जी अवस्था झाली तिचे वर्णन त्याच्या आत्मकथनाच्या आठव्या भागात आहे. त्याला नवे आयुष्य हवे होते आणि नकोही होते. मन शरीराला आज्ञा देते तेव्हा हात लगेच हलतो. मन स्वतःलाच आज्ञा देते तेव्हा मात्र विरोध होतो, याचे त्याला नवल वाटते. त्याचा निष्कर्ष असा की इच्छा अर्धवट आहे, सवयीच्या साखळीने बांधलेली आहे. शेजारून आलेल्या ‘घे आणि वाच’ या बालस्वरामुळे त्याने पौलाचे पत्र उघडले आणि ख्रिस्ताला वस्त्रासारखे धारण करण्याविषयीचा भाग त्याच्यासमोर आला. पुढच्या वर्षी, 387 च्या पुनरुत्थानसणाला, त्याने मिलानचा धर्माध्यक्ष अँब्रोज याच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

यातून पश्चिमेकडील धर्मविचाराला एक निश्चित वळण मिळाले. माणूस स्वतःच्या बळाने स्वतःला मरू शकत नाही, कारण मारणाराही तोच जुना ‘मी’ असतो आणि आपल्या या पराक्रमाचा त्याला पुन्हा अभिमान होतो. म्हणून आधी कृपा हवी.

मध्ययुगापासून धर्मसुधारणेपर्यंत

सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठनियमांत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आणि आज्ञापालन, मौन, श्रम व सामुदायिक प्रार्थना यांतून स्वेच्छेचा हट्ट रोज थोडा झिजवण्याची पद्धत घालून दिली. सोळाव्या शतकातला स्पॅनिश कार्मेलाइट संत योहान (1542–1591) याने या झिजण्याचे दोन प्रकार वेगळे केले: एक माणूस स्वतः करतो तो, आणि दुसरा देव त्याच्यावर करतो तो. 1577 च्या अखेरीपासून 1578 च्या ऑगस्टपर्यंत त्याच्याच संघातल्या विरोधकांनी त्याला तोलेदोमध्ये कोंडून ठेवले होते. आत्म्याच्या ‘काळोख्या रात्री’चे त्याने जे विश्लेषण केले, त्यात नवख्या साधकाच्या आध्यात्मिक गर्वावर विशेष बोट ठेवले आहे. प्रार्थनेतली गोडी, भक्तीचे समाधान, आपल्या प्रगतीचा आनंद हीसुद्धा ‘मी’ची लपण्याची ठिकाणे आहेत, देव ती गोडी काढून घेतो आणि मनुष्याला कोरडेपणात ठेवतो, तेव्हा त्याचे प्रेम निव्वळ होते.

मार्टिन लूथरने 1517 च्या पंचाण्णव प्रबंधांतल्या पहिल्याच प्रबंधात श्रद्धावानाचे अख्खे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे मांडले. 1529 च्या लहान प्रश्नोत्तरावलीत बाप्तिस्म्याचा अर्थ सांगताना तो म्हणतो की माणसातल्या जुन्या आदामाला पश्चात्तापाने रोज बुडवायचे असते आणि रोज नवा मनुष्य वर यायचा असतो. लूकच्या ‘दररोज’ला हे थेट उत्तर आहे: बाप्तिस्मा एकदाच होतो, त्यात परतणे मात्र रोज घडते. हे काम मठाच्या भिंतीआड नव्हे, तर घर, शेत, दुकान आणि पाळणा यांच्या सान्निध्यात व्हावे, हा लूथरचा आग्रह. जॉन कॅल्विनने पश्चात्तापाची दोन अंगे सांगितली, जुन्याला मारणे आणि नव्याला जिवंत करणे. माणूस आपल्या स्वतःच्या मालकीचा नाही, या एका विधानाभोवती त्याने आत्मत्यागाचे प्रकरण गुंफले.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत भर वेगळ्या ठिकाणी आहे. तिथे नवे जीवन म्हणजे दैवी जीवनात सहभाग, मनुष्याचे कृपेने दिव्य होत जाणे. मरण हे तिथेही अटळ आहे, पण नजर रूपांतरावर खिळलेली असते.

अठराव्या शतकात प्रश्नाचा रोख हा बदल ‘कधी’ पूर्ण होतो यावर आला. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या अल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत जॉन वेस्लीला विश्वासाची जी खात्री झाली, ती मेथडिस्ट चळवळीच्या मुळाशी आहे. प्रेमाची परिपूर्णता याच आयुष्यात शक्य आहे असे तो शिकवू लागला. इंग्लंडमधील केझिक येथे 1875 पासून भरणाऱ्या संमेलनांनी पूर्ण समर्पणावर भर दिला. लूथरच्या वारसदारांना यात धोका दिसला: ‘मी मेलो’ असे तारीखवार सांगणारा माणूस स्वतःकडेच पाहत बसण्याचा संभव असतो. उलट बाजूने उत्तर असे की कधीच काही न बदलणारा रोजचा पश्चात्तापही पोकळ असतो.

महाराष्ट्रातील दोन साक्षी

बाप्तिस्मा आणि आतला बदल यांच्यातले अंतर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमजले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. विद्वत्तेने शोधून पटलेला धर्म आणि स्वतःला सोपवून देणे, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. या सोपवण्याचा पुरावा केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दिसला. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली आणि स्त्रिया तिथे राहिल्या, शिकल्या, कामाला लागल्या.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. पुढे 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला वाहून घेतले. वारकरी संतांचे अभंग ऐकत वाढलेल्या या कवीला ‘मी’ गळून पडण्याची भाषा परकी नव्हती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, अशीच त्यांची धारणा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात याच घराची दुसरी बाजू आहे. जन्मापासून अंगात मुरलेला सोवळ्याओवळ्याचा आणि जातीचा विचार त्यांच्या मनातून कसा सुटला, हे त्या विनोदाच्या अंगाने सांगतात. जुना मनुष्य हा केवळ खासगी दुर्गुणांचा गठ्ठा नसतो, तो पंक्तीत कोणाशेजारी बसायचे हेही ठरवत असतो.

नव्या जीवनाचे स्वरूप

कलस्सैकरांस पत्रातला नवा मनुष्यही असाच सामाजिक आहे. तो धारण केल्यावर यहूदी आणि ग्रीक, सुंती आणि बेसुंती, गुलाम आणि स्वतंत्र हे भेद उरत नाहीत असे पत्र सांगते आणि त्यापुढे करुणा, ममता, सहनशीलता, क्षमा यांची वस्त्रे मोजते. हे सगळे गुण दुसरा माणूस समोर असल्याशिवाय आचरता येत नाहीत. एकांतात कोणालाही क्षमाशील होता येत नाही. त्यामुळे स्वतःला मरण्याची कसोटी ध्यानातल्या अनुभवापेक्षा शेजाऱ्याशी असलेल्या व्यवहारात लागते.

डीट्रिख बोनहॉफर या जर्मन धर्मपंडिताने 1937 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुसरणावरील ग्रंथात स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा असा भेद केला. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि वधस्तंभाशिवाय शिष्यत्व ही स्वस्त कृपा. नाझी राजवटीपुढे बहुसंख्य मंडळी गप्प किंवा सामील असताना लिहिलेल्या या पुस्तकात आत्मत्याग हा मनाच्या कोपऱ्यातला विषय राहत नाही. बोनहॉफरला 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आले.

गैरवापर आणि टीका

या शिकवणीचा गैरवापर फार सोपा आहे, कारण तिचा उपदेश दुसऱ्याला करता येतो. मालकांनी गुलामांना, नवऱ्यांनी मार खाणाऱ्या बायकांना, अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारणाऱ्यांना ‘स्वतःला मरा’ असे सांगितल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. जर्मन तत्त्वज्ञ फ्रीड्रिख नीत्शेने 1887 च्या नीतीच्या वंशावळीवरील ग्रंथात तपस्वी आदर्शांच्या मुळाशी जीवनाचा द्वेष पाहिला. व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने 1960 मधील एका लेखात वेगळा मुद्दा मांडला. गर्व हेच मूळ पाप असे धर्मपंडित म्हणतात, ते पुरुषांच्या अनुभवावरून. पुष्कळ स्त्रियांची अडचण ‘मी’ फार मोठा असण्याची नसून तो कधी उभाच राहू न दिल्याची आहे. ज्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काही नाही त्याला त्याग शिकवणे म्हणजे अन्यायाला धर्माचा शिक्का देणे होय.

या टीकेला परंपरेच्या आतूनही आधार मिळतो. कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय शिवू नको, चाखू नको अशा स्वतःहून लादून घेतलेल्या निग्रहांना शहाणपणाचा नुसता देखावा म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो. दिलेले आणि हिसकावलेले यांतला हा फरक निर्णायक आहे. फिलिप्पैकरांस पत्रातल्या ख्रिस्ताच्या रिते होण्याच्या वर्णनातही वरच्या स्थानावर असलेला खाली उतरतो. खाली दडपलेल्याला आणखी दडपले जात नाही. शिवाय शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा स्वतःविषयीची एक निरोगी आपुलकी गृहीत धरते.

इतर परंपरांशी साम्य आणि भेद

अहंकाराचा लय हा अनेक धर्मपरंपरांचा विषय आहे. अद्वैत वेदान्तात जीवाचे वेगळेपण हे अविद्येचे कार्य आहे, ते ज्ञानाने मावळते. बौद्ध विचारात स्थिर असा आत्माच नाही, आणि तो आहे ही समजूत दुःखाचे मूळ आहे. सूफी साधनेत ‘फना’ म्हणजे ईश्वरात विरून जाणे आणि त्यानंतर ‘बका’ म्हणजे त्याच्यात टिकून राहणे असे दोन टप्पे सांगितले जातात. ख्रिस्ती विचार यांतल्या अनेक अनुभवांच्या जवळून जातो, पण दोन गोष्टींवर अडून राहतो. व्यक्ती खरी आहे आणि ती देवाशी एकरूप होऊनही देव होत नाही. प्रेमाला दोघे लागतात. आणि तिचे मरण एका ऐतिहासिक घटनेशी, यरुशलेमच्या वेशीबाहेर रोमी सुभेदाराच्या हुकमाने झालेल्या एका वधाशी, जोडलेले आहे.

पूर्तता

एकदाच घडलेले आणि रोज घडायचे, यांच्यामधला ताण या आयुष्यात सुटत नाही असे बहुतेक ख्रिस्ती परंपरा मानतात. बाप्तिस्म्यात जे जाहीर झाले ते रोजच्या निवडींतून अंगी बाणत जाते, आणि पूर्ण होते ते शरीराच्या मरणानंतर. म्हणूनच कॅथलिक अंत्यविधीत शवपेटीवर शिंपडलेले पवित्र पाणी बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण देते: पहिल्या बुडीने सुरू झालेले मरण इथे संपते. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुन्हा बियाण्याकडे वळतो. पेरले जाते ते एक शरीर, उठते ते दुसरे. तरीही बी आणि रोप यांचे नाते तुटत नाही. स्वतःला मरण्याच्या शिकवणीचा शेवटचा शब्द म्हणूनच ‘पुनरुत्थान’ हा आहे. ज्या ‘मी’ला हातातून सोडायला सांगितले होते, तोच खरा होऊन परत मिळेल, अशी ती आशा आहे.